युनियनच्या अर्जावरची नावं मालकापर्यंत पोचतात कशी?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या तेव्हापासून पेपरात रोज काही ना काही येतंय. कोण म्हणतं कामगार देशोधडीला लागणार, कोण म्हणतं २९ जुने कायदे गुंडाळले ते बरंच झालं, आता उद्योग येतील. ग्रॅच्युइटीवर येऊन गेलं, ३०० पेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला टाळं लावायला सरकारची परवानगी लागणार नाही त्यावर येऊन गेलं, संपाआधी १४ दिवसांची नोटीस यावर तर चर्चाच चर्चा. पण मुळात युनियनची नोंदणी होते कशी, किती माणसं लागतात, कागद कुठं अडतो, यावर मला एक ओळ कुठं दिसली नाही. वाटाघाटीला बसायला नोंदलेली युनियन लागते असं नवा कायदा म्हणतो, मग नोंदणीच झाली नाही तर पुढच्या सगळ्या कलमांचं आम्ही करायचं काय? म्हणून हे पत्र. लांबलंय, माहितीये, कापायचं तर कापा पण मधला भाग ठेवा.

माझं सांगायचं तर वडील जुनी मिलमध्ये साच्यावर होते आणि मी सोलापूरच्या पूर्व भागात आणि नंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर उभा राहिलो. यंत्रमागात रिटायर वगैरे काही नसतं, गुडघे गेले की माणूस घरी बसतो, तसा मी बसलोय. मराठी आणि तेलुगू दोन्ही लिहिता वाचता येतं त्यामुळं आसपासची पोरं फॉर्म घेऊन येतात, रेशनकार्डापासून पीएफपर्यंत. त्यातूनच हा युनियनच्या अर्जाचा नाद लागला. नाव छापू नका, माझा पोरगा अजून मागावर आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शेडमधली पोरं आली, म्हणाली अण्णा, युनियन काढायचीय. शेड म्हणजे बाहेरून एकच छप्पर, एकच गेट, एकच मालक, पण आत कागदावर तीन फर्म, एक मालकाच्या नावानं, एक भावाच्या, एक बायकोच्या. आपल्याकडं हे सगळ्यांना माहितीये, का करतात तेही माहितीये, कामगारांचा आकडा एका फर्मवर वाढला की फॅक्टरीचा कायदा, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) मागं लागतं म्हणून. बारा-चौदा माग चालवणारे, चार कांडीवाल्या (सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका), एक जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणारा मालकाचा माणूस. पगार आठवड्याला, पिसावर, म्हणजे जेवढे नग निघतील तेवढा. पगाराची स्लिप नाही, नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीची वही जॉबरच्या खिशात.

अर्ज भरला, युनियनची घटना म्हणजे नियमावली लिहिली, ठराव केला, सह्या घेतल्या. नोंदणीच्या कचेरीतून पहिली त्रुटी निघाली ती नावांची. आमच्या पद्मशाली लोकांत घराण्याचं नाव आधी, मग माणसाचं, आधारवर कुणाचं आडनाव पुढं कुणाचं मागं, कुणाचा श्रीनिवास तर कुणाचा श्रीनिवासुलु, अर्जावर एक आणि आधारवर दुसरं. बरं, ते दुरुस्त केलं. मग दुसरी त्रुटी, हे लोक नेमके कोणत्या आस्थापनेत कामाला आहेत ते स्पष्ट होत नाही. आता ते कामगारालाच माहीत नाही साहेब! सोमवारी तो एका फर्मच्या मागावर असतो, गुरुवारी दुसऱ्या. मग तिसरी, कामावर असल्याचा पुरावा जोडा. पुरावा कुणाकडून आणायचा तर मालकाकडून! म्हणजे मालकाला जाऊन म्हणायचं, शेठ, तुमच्याशी भांडायला युनियन काढतोय, जरा मी तुमच्याकडं कामाला असल्याचं लिहून द्या. आणि चौथी गोष्ट त्रुटी म्हणून आली नाही, ती परस्पर झाली. पडताळणीसाठी मालकाकडं पत्र गेलं, सोबत नावांची यादी. त्याच आठवड्यात जॉबरनं पगाराच्या वेळी एकेक नाव घेऊन विचारलं, तू पण का रे?

पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही. कुणाला काढलं नाही हां, तेवढे मालक हुशार असतात. दोघांना पलीकडच्या शेडमध्ये टाकलं जिथं माग जुनाट आणि पिस निघत नाही, एकाची उचल वसूल करायला घेतली, कांडीवाल्या बायकांना सांगितलं उद्यापासून सुताची कमी आहे, बोलावू तेव्हा या. अर्ध्या जणांनी लिहून दिलं की आमचा संबंध नाही. फाईल बसली ती बसलीच.

मी हे रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. यातली एक एक पायरी कायद्यात कुठं बसते ते बघितलं तर मजा आहे म्हणून लिहितोय.

युनियनचा कायदा आपल्याकडं आला १९२६ साली. का आला? मद्रासला बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलमध्ये बी. पी. वाडिया यांनी १९१८ ला मद्रास लेबर युनियन काढली, पुढं संप-टाळेबंदी झाली तेव्हा कंपनीनं वाडियांवर आणि पुढाऱ्यांवर हायकोर्टात दावा ठोकला आणि मनाई हुकूम मिळवला, कारण तेव्हा कामगारांनी एकत्र येऊन काम थांबवायला सांगणं हेच बेकायदा धरता येत होतं. मग १९२१ ला आपले ना. म. जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, त्यांनी असेंब्लीत ठराव आणला की युनियनला नोंदणी आणि संरक्षण देणारा कायदा करा. पाच वर्षं गेली त्यात, आणि अंमल १ जून १९२७ पासून. तेव्हा आपल्या सोलापुरात गिरण्या जोरात होत्या, संपही झालेले होते, पण युनियन म्हणून कागदावर कुणाला काही स्थान नव्हतं.

त्या इंग्रजांच्या कायद्यात काय होतं बघा. सात माणसं असली की अर्ज करता येतो, बस. नोंदणी झाली की युनियनच्या कामाबद्दल फौजदारी कटाचा गुन्हा लावता येणार नाही, कलम १७, आणि संपामुळं नुकसान झालं म्हणून दिवाणी दावा लावता येणार नाही, कलम १८. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कलम ४ मध्ये आहे, अर्ज केल्यावर आणि नोंदणी होईपर्यंतच्या काळात अर्जदारांपैकी निम्म्यापर्यंत लोक सोडून गेले तरी तेवढ्यानं अर्ज बाद होत नाही. का बरं लिहिलं असेल असं? कारण लिहिणाऱ्याला माहीत होतं की मधल्या दिवसांत काय होतं! त्या काळी दिल्लीत बसलेल्या गोऱ्या साहेबाला आमच्या जॉबरची चाल ठाऊक होती. पण रजिस्ट्रारनं किती दिवसांत नोंदणी करायची याची मुदत मात्र त्या कायद्यात कधीच नव्हती, आणि सगळी गोम तिथंच राहिली.

मग २००१ ला दुरुस्ती झाली, २००२ च्या जानेवारीपासून लागू. सात माणसं पुरेना झाली. आता त्या आस्थापनेतले किंवा त्या उद्योगातले १० टक्के किंवा १००, जे कमी असेल तेवढे सभासद पाहिजेत, आणि कमीत कमी सात तर पाहिजेतच. वर अर्जात प्रत्येकाचं नाव, काम आणि कामाच्या ठिकाणाचा पत्ता. नव्या औद्योगिक संबंध संहितेत हाच १० टक्के किंवा १०० चा हिशोब पुढं आलाय. मोठ्या कारखान्याला हे काही जड नाही, चिंचोळी एमआयडीसीत ३०० माणसांचं युनिट असेल तर ३० सह्या जमतात. पण सोलापूरच्या यंत्रमागाला लावून बघा. एका फर्मवर कागदोपत्री दहा-बारा माणसं, त्यातली सात म्हणजे निम्म्याहून जास्त, त्यातला एक जॉबर, एक मालकाचा मेव्हणा. ते जमत नाही म्हणून शहरभरच्या टॉवेल-चादर कामगारांची एक काढू म्हटलं तर मग १०० नावं, १०० पत्ते, १०० जणांची उचल आणि १०० जॉबर. आधी सात जण वेगवेगळ्या शेडमधले एकत्र येऊन सुरुवात करू शकत होते, तो रस्ता गेला.

आता जगात काय म्हणतात ते सांगतो. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आहे, आयएलओ, १९१९ ला निघाली, भारत पहिल्या दिवसापासून सभासद, इंग्रजांचं राज्य असतानासुद्धा. पहिली परिषद वॉशिंग्टनला झाली तेव्हा भारताच्या कामगारांच्या वतीनं गेलेले तेच ना. म. जोशी. १९२० ला मुंबईत आयटक ही देशभरच्या युनियनची संघटना निघाली त्याचं एक कारण हेच होतं की तिथं कामगारांचा प्रतिनिधी कुणी ठरवायचा. आजही आयएलओच्या नियामक मंडळात ज्या दहा देशांना कायमची जागा आहे त्यात आपण. एवढा मान. आणि त्याच संघटनेचा ८७ नंबरचा करार, संघटना स्वातंत्र्याचा, १९४८ ला सॅन फ्रान्सिस्कोला झाला, आणि ९८ नंबरचा, सामूहिक वाटाघाटीचा, १९४९ ला, या दोन्हींवर भारतानं आजतागायत शिक्का मारलेला नाही. अमेरिकेनं नाही मारला, चीननंही नाही, म्हणजे सोबत मोठी आहे. पण पाकिस्ताननं मारला, बांगलादेशनं १९७२ लाच दोन्हींवर मारला, श्रीलंकेनंही मारला.

८७ मध्ये काय आहे ते साध्या भाषेत असं की कामगाराला आणि मालकालाही, कसलाही भेद न करता, आधी कुणाची परवानगी न घेता आपल्या पसंतीची संघटना काढता आली पाहिजे, तिची घटना आणि पुढारी तिनंच ठरवायचे, सरकारी अधिकाऱ्यानं आपल्या सहीनं ती बरखास्त किंवा स्थगित करायची नाही, आणि कायदेशीर दर्जा देताना अशा अटी घालायच्या नाहीत की हे सगळे हक्क नुसते कागदावर राहतील. ही शेवटची अट सातव्या कलमात आहे आणि आमच्या शेडची गोष्ट नेमकी तिथं बसते. सरकार म्हणेल, आमच्याकडं परवानगी कुठं लागते, नोंदणी ऐच्छिक आहे, तुम्ही दहा जण झाडाखाली बसून युनियन काढा, राज्यघटनेचं कलम १९ आहेच की. खरंय. काढा. पण नोंदणी नसेल तर मालकासमोर बसता येत नाही, ते फौजदारी-दिवाणीचं कवच नाही, युनियन म्हणून बँकेत खातं काढायला गेलं तर तिथं पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा. सुप्रीम कोर्टानं १९६१ लाच बँक कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय की संघटना काढायचा हक्क मूलभूत, पण संघटनेनं जे करायचं त्याची हमी त्यात येत नाही. म्हणजे घर बांधा, दार लावायचं का नाही ते आम्ही बघू.

माणसांच्या आकड्याबद्दल पण तिथं बरंच बोललं गेलंय. आयएलओची संघटना स्वातंत्र्य समिती १९५१ पासून आहे, तीन हजारांहून जास्त तक्रारी तिनं बघितल्यात, आणि करार मान्य न केलेल्या देशाविरुद्धही तिथं तक्रार जाते, भारताविरुद्धही गेल्यात. तिचं म्हणणं असं की कमीत कमी सभासदांची अट असणं यात चूक नाही, पण आकडा रास्त पाहिजे. २० ला ती म्हणाली जास्त नाही. ५० ची अट एका ठिकाणी होती ती म्हणाली उघड उघड जास्त. आणि उद्योगवार किंवा धंदेवार युनियनला १०० ची अट, ती कमी करा म्हणाली. आता आपला १०० चा आकडा यात कुठं बसतो ते तुम्हीच बघा. कागदावर आपल्याकडं "१० टक्के किंवा १०० यातलं कमी" आहे, त्यामुळं छोट्या कारखान्यापुरतं आपण वाचतो, पण उद्योगवार युनियनला शहरात हजारो मागकरी असले की १० टक्के जास्त भरतात आणि मग १०० च लागतात. आणि सोलापूरचा धंदा बघितला तर युनियन उद्योगवारच पाहिजे, शेडवार काढून उपयोग नाही.

हा आकडा का वाढवला याचंही कारण आहे आणि ते अगदीच खोटं नाही. गल्लीबोळात युनियन झाल्या, एका लेटरहेडवर पाच कारखाने, महिन्याला मालकाकडून पाकीट आणि कामगाराला बोनसच्या टायमाला एक भाषण, असले पुढारी मी स्वतः बघितलेत, सोलापुरात काही कमी नाहीत. त्यांना आळा बसावा म्हणून १०० माणसांची अट आणली म्हणतात. पण झालं काय? मालकाच्या खिशातली युनियन असते ना, तिला १०० नावं मिळवायला काही त्रास होत नाही, हजेरीची वहीच मालकाकडून येते, सगळ्यांच्या सह्या जेवणाच्या सुट्टीत होतात, पुरावा जोडलेला असतो, नावं आधारप्रमाणं, एक त्रुटी निघत नाही. अट घातली भुरट्यांसाठी आणि अडकला खरा माणूस. खोट्या युनियनला पकडायचं तर गुप्त मतदान घ्या, हिशोब तपासा, दारातच नावं मोजून काही होत नाही.

करारावर सही का नाही करत, तर सरकारचं नेहमीचं उत्तर सरकारी नोकरांचं आहे. त्यांच्या वर्तणुकीचे नियम वेगळे, त्यांना संप आणि राजकारण यांची मुभा देता येणार नाही, म्हणून ८७ आणि ९८ जमत नाही. यातलं ८७ चं एक वेळ समजू, कारण त्यात सूट फक्त लष्कर आणि पोलिसांपुरती आहे. पण ९८ च्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की राज्यकारभार चालवणाऱ्या सरकारी नोकरांशी या कराराचा संबंध नाही. मग ९८ वर अडतंय कुठं? तो तर म्हणतो की युनियनचा सभासद आहे म्हणून कुणाला कामावरून काढू नका, छळू नका, आणि वाटाघाटीला चालना द्या. आणि मंत्रालयातल्या बाबूच्या नियमासाठी अक्कलकोट रोडच्या मागकऱ्यानं का थांबायचं, तो कुठं सरकारी नोकर आहे? त्याला तर मालकसुद्धा नोकर म्हणून कागदावर घ्यायला तयार नाही!

बरं सही केली म्हणजे सगळं होतं असंही नाही, म्हणून बांगलादेशचं सांगतो, टॉवेल-कपड्याच्या धंद्यात ते आपले स्पर्धक. १९७२ ला दोन्ही करार मान्य केले, पण त्यांच्या कायद्यात कारखान्यातले ३० टक्के कामगार असल्याशिवाय युनियनची नोंदणी नाही अशी अट बरीच वर्षं राहिली, २०१८ ला ती २० वर आणली. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा पडला, ११०० च्या वर माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, बँक आणि दुकानं बंद ठेवली त्यांनी, गारमेंटवाल्यांना मात्र वर चढवलं. तिथल्या कारखान्यांत युनियन नव्हती. वर जात नाही म्हणून एकजुटीनं खाली उभं राहायला सांगणारं कुणी नव्हतं. तेवढं झाल्यावर मग परदेशी ब्रँड, करार, तपासण्या, युनियन नोंदणी वाढली वगैरे. सही असल्याचा फायदा एवढाच की आयएलओला वेळोवेळी विचारायचा हक्क असतो की तुमचा आकडा खाली का आणत नाही, आणि ते विचारत राहिले.

परदेशी ब्रँडवरून आठवलं. सोलापूरचा टॉवेल बाहेर जातो, चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, आणि मोठ्या एक्सपोर्टवाल्यांकडं परदेशी गिऱ्हाईकाचा ऑडिटवाला येतो. तो येणार म्हटलं की संडास धुतात, फायरचे डबे लावतात आणि भिंतीवर इंग्रजीत एक चार्ट लावतात, त्यात एक ओळ संघटना स्वातंत्र्याची असते, जिनिव्हाच्या कराराचा नंबर टाकून. शेडमधली माणसं बोलतात तेलुगू, कन्नड, मराठी, वाचणारा कोण? एका पोरानं मला मोबाईलवर फोटो दाखवला, अण्णा, हे काय लिहिलंय? मी सांगितलं, तुला युनियन काढायचा हक्क आहे असं लिहिलंय. तो म्हणाला, मग हे आमच्या शेडमध्ये का लावलंय, कचेरीत लावायला पाहिजेल.

विडी कामगार बायकांचं वेगळं पान आहे. आपल्या शहरात हजारोंनी बायका विडी वळतात, पान-तंबाखू विडी कंपनीच्या ब्रँचमधून आणायचं, घरी उंबऱ्यात बसून वळायचं, हजाराच्या हिशोबानं नेऊन द्यायचं, चेकर त्यातल्या बाद करणार. या बायका कुणाच्या कामगार यावर किती वर्षं वाद! मालक म्हणणार कंत्राटदाराच्या, कंत्राटदार म्हणणार त्या स्वतंत्र. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा आला त्यानं घरी वळणारीलाही कामगार धरलं आणि १९७४ ला सुप्रीम कोर्टानं तो कायदा उचलून धरला, तेव्हा कुठं पीएफ वगैरे सुरू झालं. आता नोंदणीच्या अर्जात "कामाच्या ठिकाणाचा पत्ता" या रकान्यात अशा बाईनं काय लिहायचं? घराचा? मग मालक म्हणतो ती माझ्या आस्थापनेत नाहीच. ब्रँचचा? तिथं ती दिवसातून अर्धा तास उभी असते. मी एका अक्काला दोन्ही लिहायला लावलं होतं, तिरकी रेघ मारून.

तरी विडीत युनियन जोरात राहिली कारण तिथं लाल बावट्याची जुनी बांधणी होती, नवी नोंदणी करत बसायची पाळी नव्हती. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १० हजार विडी कामगार बायकांना घरं झाली, मग असंघटित कामगारांसाठी रे नगर, ३० हजार घरांचं, त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या द्यायला जानेवारी २०२४ ला पंतप्रधान आले. या घरांमागं असलेल्या माकपच्या नरसय्या आडम मास्तरांच्या पक्षाचा मी कधी नव्हतो आणि आजही नाही, पण युनियननं काय होऊ शकतं हे बघायला सोलापूरकराला जिनिव्हाला जायला नको, कुंभारीपर्यंत रिक्षानं गेलं तरी कळतं. फरक एवढाच की त्यांच्याकडं रजिस्टर नंबर आधीपासून होता, आमच्या टॉवेलच्या पोरांकडं नाही, शिलाईच्या, युनिफॉर्मच्या कारखान्यातल्या बायकांकडं नाही, आणि त्या डिलिव्हरीवाल्या पोरांकडं तर विचारूच नका, त्यांचा मालक मोबाईलमध्ये असतो.

नोंदणी मिळाली म्हणजे सुटलो असंही नाही. नव्या संहितेत युनियननं कायदा, नियम किंवा स्वतःचीच घटना मोडली अशी माहिती आली तरी रजिस्ट्रारला नोंदणी रद्द करता येते, मग अपील ट्रायब्युनलकडं. स्वतःची घटना मोडली म्हणजे काय, वार्षिक सभा महिनाभर उशिरा झाली तरी मोडली म्हणता येईल. जुन्या कायद्यात निदान जाणूनबुजून आणि नोटीस देऊनही मोडला तर, असं होतं. जिनिव्हाची समिती काय म्हणते तर असा निर्णय कोर्टात टिकेपर्यंत अमलात आणू नका. ते साधं आहे, अपिलाचा निकाल लागेपर्यंत नोंदणी चालू समजा, एवढं एक वाक्य नियमात टाकायला काय हरकत आहे? नाहीतर दोन वर्षांनी युनियन अपील जिंकते आणि तोपर्यंत सभासद कुठल्या कुठं पांगलेले असतात.

वाटाघाटीच्या टक्केवारीवर जास्त लिहीत नाही, ५१ टक्के कामगार सभासद असलेली युनियन एकटी बसणार नाहीतर २० टक्केवाल्यांची मिळून परिषद, हे पूर्वीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातल्या ३० टक्क्यांच्या मान्यतेपेक्षा चांगलं की वाईट यावर जाणते लोक भांडतील. आमचं भांडण त्याच्या बरंच अलीकडचं आहे.

राज्य सरकारच्या हातात जे आहे तेवढं जरी केलं तरी खूप होईल. अर्ज दिला की त्याच दिवशी तारखेचा शिक्का मारलेली पोच, त्रुटी काढायच्या तर एकदाच सगळ्या, एकेक करून महिनाभरानं नाही, आणि ठरलेल्या दिवसांत उत्तर नाही आलं तर नोंदणी झाली असं धरायचं. दुकानाच्या परवान्याला, बांधकामाच्या नकाशाला आता असं चालतं ना, मग आम्हालाच का नाही. कामाच्या पुराव्याला मालकाचं पत्र मागू नका, ईएसआय कार्ड, यूपीआयवर आलेला आठवड्याचा पगार, शेजारच्या दोन मागकऱ्यांचं लिहून देणं, हे चालवा. एकाच छपराखालच्या फर्म युनियनपुरत्या एक धरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावांची यादी मालकाकडं पाठवू नका. पडताळणी करायचीच तर अधिकाऱ्यानं शेडमध्ये येऊन हजेरी बघावी, मनातल्या मनात यादीशी ताडावी आणि जावं, तिथं कुणाचं नाव मोठ्यानं वाचायची गरज नाही. अर्ज केल्यापासून निकाल लागेपर्यंत त्या यादीतल्या माणसाला काढलं, दुसऱ्या शेडमध्ये टाकलं किंवा काम बंद केलं तर ते युनियनमुळं नाही हे मालकानं सिद्ध करायचं. युनियनमुळं छळणं ही अनुचित कामगार प्रथा आहे हे आपल्या १९७१ च्या कायद्यातही होतं, नव्या संहितेतही आहे, पण सिद्ध करायचं ओझं त्या पिसावाल्या पोराच्या डोक्यावर, आणि त्याच्याकडं हजेरीचा एक कागद नाही.

तुम्हाला एक विनंती. माहितीच्या अधिकारात एक अर्ज तुमच्या बातमीदारानं टाकावा, सामान्य माणसानं टाकला की उत्तर यायला वेळ लागतो, पेपरवाल्यांना जरा लवकर देतात. सोलापूर जिल्ह्यातून गेल्या पाच वर्षांत युनियन नोंदणीचे अर्ज किती आले, मंजूर किती, फेटाळले किती, आणि प्रत्येकाला अर्जाच्या तारखेपासून किती दिवस लागले, शिवाय किती अर्जांत पडताळणीसाठी नावं मालकाकडं पाठवली, एवढंच विचारायचं. आलेलं उत्तर आहे तसं छापा, तेलुगूत करून द्यायचं असेल तर मी करून देईन.

आपला,
एक यंत्रमाग कामगार
पूर्व भाग, सोलापूर